बदलीवाला अंदाज

काळाचौकी,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

तुला आणि मनवावहिनीला नमस्कार, आणि अजून नाव नसलेल्या बाईसाहेबांना माझ्याकडून एक पापा. आईचे गुडघे ठीक आहेत. चाळीला रंग लागला, जिना मात्र तसाच ठेवला. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून नाशिकला पत्रच पाठवतो आहे.

आमच्या लालबागच्या ऑफिसात सध्या बॅटरीवर चालणाऱ्या होडीचं काम चालू आहे, शीव कोळीवाड्यातल्या मंडळींसाठी. होडीचा आकार एका टेबलावरचे लोक ठरवतात, मोटर-बॅटरी दुसऱ्या, वजन तिसऱ्या. प्रत्येकाने आपापलं सोडवायचं, पण एकाने काही बदललं की बाकी दोघांचं बिघडतं. बॅटरी वाढवली की वजन वाढतं, होडी खोल बसते, पाणी जास्त अडवतं, मग आणखी मोठी बॅटरी हवी. आकाराचं खरं गणित कॉम्प्युटरवर चालवायला दीड दिवस लागतो. दर वेळी कोण थांबणार? म्हणून मोजक्या आकारांची खरी गणितं करायची आणि त्या उत्तरांवरून एक झटपट अंदाज बांधायचा. बाकीची टेबलं मग त्या अंदाजालाच विचारतात. तो बांधून देणं हे माझं काम. डिप्लोमा अर्धवट सोडलेल्या माणसाला हे मिळालं, याची अजून धास्ती वाटते.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे गिरणीतला बदलीवाला. कायमवाला नाय आला, की त्याच्या जागी मागावर हा उभा."

गेल्या आठवड्यात तिन्ही टेबलांचं छान जमलं. होडी रुंद, हलकी, स्वस्त. सगळे खूश. आमच्या मुख्य नूपुरमॅडम, त्यांनी एवढंच विचारलं, "इतक्या रुंद होडीचं खरं गणित आपण कधी केलं होतं?"

कधीच नाही. अंदाज मात्र तितक्याच ठामपणे उत्तर देत होता. खरं गणित चालवलं, तर पाणी तिला अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट अडवत होतं. मला वाटलं, गेली नोकरी.

मॅडम म्हणाल्या, "अरे, घाबरतोस काय? अंदाज आहे, चुकणारच. हे नवं उत्तर त्यात घाल आणि परत जमव."

घातलं. होडी थोडी अरुंद झाली, पण आता भरवशाची आहे. पुढच्या महिन्यात पाण्यात उतरेल.

दादा, एवढं लांबण लावलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

तू घरी न सांगता कोर्टात लग्न केलंस, तेव्हापासून तू आणि बाबा एकमेकांशी बोलत नाही. दोघेही मलाच विचारता. "बाबा काय म्हणतील?" "अवधूत काय म्हणेल?" आधी मी खरंच विचारून सांगायचो. मग विचारायची भीती वाटायला लागली, आणि त्या भांडणात जे कानावर पडलं होतं त्यावरूनच उत्तरं देत राहिलो. बारशाला बाबा येतील का, असं तू विचारलंस. मी कळवलं, "नाही येणार, बोलावूच नकोस." मी त्यांना विचारलं नव्हतं. नात झाल्यानंतरचे बाबा मला ठाऊकच नव्हते.

काल विचारलं. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "मी येवचंय नाय, असा तुका कोणी सांगल्यान?"

"तुम्हीच म्हणाला होतात. त्या वेळी."

"तेव्हा नात होती काय? मेल्या, माका इचारूक नको?"

मग अर्ध्या साबणाच्या तोंडानेच आईकडे वळले. "पाळण्याची दोरी कोण बांधताहा? अवधूताक गाठ मारूक येता काय? बुटाची नाडी पण मी बांधून देय होतंय!"

आईने लगेच माळ्यावरची बॅग काढली. बाबांनी ती परत वर ठेवायला लावली. "आधी बोलावणा येवंदे."

तर बोलावणं तू कर. माझ्यामार्फत नको, यापुढे मी निरोप घेणार नाही. तू फोन केलास तर ते आधी ओरडतील की रडतील, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, आणि हे लिहिताना हलकं वाटतं आहे. संध्याकाळी ते घरीच असतात. मी मुद्दाम बाहेर जाईन.

बारशाची तारीख मला बाबांकडून कळू दे.

तुम्हा दोघांच्या मधून बाजूला झालेला,
तुझाच भाऊ
हितेंद्र