फिल्म उलटून पाहिली तेव्हा

प्रिय ठमे,

चार गल्ल्यांवर राहतेस आणि मी पत्र लिहितेय, म्हणून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला ‘जाऊ दे गं’ म्हणून तू मोकळी झाली असतीस. समोर येऊन बसले असते तर मी आधी रडले असते आणि मग तूच माझी समजूत काढत बसली असतीस. ते मला नकोय. मला मनसोक्त चिडायचंय, आणि तू ते शेवटपर्यंत वाचायचंयस.

आमचे हे आणि मी मंगळवारपासून बोलत नाही. म्हणजे ते बोलतात, मी भांडी आदळते. आपल्या दुकानातलं शर्ट छापायचं नवं मशीन तू पाहिलंयस, पण चालताना पाहिलेलं नाहीस. आधी चित्र पारदर्शक फिल्मवर छापायचं, त्यावर डिंकाची पूड भुरभुरायची, ती भट्टीत वितळवायची, मग फिल्म शर्टावर ठेवून गरम प्रेसखाली दाबायची. गार झाल्यावर फिल्म सोलली की चित्र कायमचं शर्टाचं. पूर्वी एकेका रंगाची वेगळी जाळी करावी लागायची, त्यामुळे एका शर्टासाठी कुणी आलं तर नाही म्हणायचो. आता कुणाचाही फोटो, हवा तेवढा, हवा तसा. आजोबांच्या पंचाहत्तरीला नातवंडांनी त्यांचा तरुणपणीचा फोटो छातीवर मिरवला. एका बाईंनी गेलेल्या कुत्र्याचा छापून नेला आणि दुकानातच अंगात घातला. मला वाटायचं, काय सुंदर मशीन घेतलंय आपण! लोकांना आपली माणसं अंगावर वागवता येतात.

मंगळवारी दुपारी बँकेतून आले, तर दोरीवर फिल्म वाळत टांगलेल्या. रंगांवरून पांढऱ्या शाईचा थर असतो, त्यामुळे त्या बाजूने बघितलं की नुसते पांढरे डाग दिसतात. ढगांसारखे. सहज एक उलटून पाहिली. पलीकडून तू माझ्याकडे बघत होतीस.

फोटो गेल्या वर्षीचा आहे. तुझ्या चेहऱ्याची डावी बाजू पडली होती आणि तरी तू सुट्टी संपवून वर्गावर गेलीस, तेव्हाचा. कुणीतरी बाकाखालून काढलेला. एक डोळा मिटत नाहीये, तोंड अर्धं खाली ओघळलंय, हात फळ्याकडे. आणि खाली ठसठशीत अक्षरांत, ‘वडवड वंद!’

ठमे, तुझ्या न्हाणीघरातल्या आरशासमोर तुझ्या शेजारी उभी राहून मीही प, फ, ब, भ, म म्हणत होते गं. तुझे ओठ मिटायचे नाहीत, ब म्हणायला गेलीस की व यायचा, वर्गातलं ‘बडबड बंद’ही ‘वडवड वंद’ व्हायचं. ज्या दिवशी तू खणखणीत ‘बटाटा’ म्हणालीस, त्या दिवशी आपण दोघी वेड्यासारख्या नाचलो होतो. आणि तो व आता लोकांना छातीवर हवाय.

ह्यांना विचारलं, ‘चेहरा ओळखला नाहीत?’ तर म्हणतात, ‘ओळखला की. अगं, मुलांचं प्रेम आहे, असं ते सर म्हणाले.’ ते सर म्हणजे तुमचा शिट्टीमास्तर. पीटीच्या तासाला शिट्टी आणि एरवी तोंड वाजवणारा. ऑर्डर त्याची. मी कात्री घेतली आणि एकेक फिल्म कापली. हे ‘अगं, गिऱ्हाइकाचा माल आहे’ म्हणत मागे फिरत होते. मी म्हटलं, माल नाही, माणूस आहे.

संध्याकाळी मास्तर आला. तुकडे बघून हसला. म्हणाला, ‘ताई, तुम्ही फारच मनावर घेताय. बाई स्वतःच स्टाफरूममध्ये वडवड वंद म्हणून हसवतात आम्हाला.’ मी विचारलं, ‘त्यांना दाखवलंत का हे?’ तर म्हणे, ‘मग सरप्राइज काय राहिलं?’ त्याला दुकानाबाहेर काढलं. शब्द कोणते वापरले ते लिहीत नाही, तू व्याकरणाची बाई आहेस. दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या दुकानातून त्याने तेच शर्ट छापून घेतले. तिथल्या माणसाने चेहऱ्याकडे बघितलंही नसेल.

मग मी तुझ्या शाळेत गेले. तुला न सांगता, हो. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, पंखा वाढवला, आणि म्हणाले, ‘बाई मोठ्या खिलाडू वृत्तीच्या आहेत. आम्हा स्टाफचेही शर्ट आहेत त्यात. माझाही आहे.’ मला वाटलं होतं, मास्तरचा आणि पोरांचा वात्रटपणा आहे, मोठ्यांना सांगितलं की थांबेल. ठमे, हे मोठ्यांनीच ठरवलंय. स्वतःवर तू हसतेस, ते तुझं. रोज सकाळी त्या वर्गात पाऊल टाकता यावं म्हणून हसतेस, हे मला ठाऊक आहे. पण तुझं हसू उचलून दुसऱ्याने अंगात घालावं? कुणाच्या परवानगीने?

आता ऐक. मुलांच्या निरोप समारंभात तुला बोलायला सांगितलंय म्हणून तू किती हरखली आहेस, ते मला माहीत आहे. चेहरा गेल्यापासून तू माइकसमोर उभी राहिलेली नाहीस. रविवारी मला पहिलं वाक्य म्हणून दाखवलंस. त्यात मुद्दाम सगळे प-फ-ब-भ-म घातलेत म्हणालीस, आणि एकही निसटला नाही. शाळेतून निघताना मास्तर फाटकाशी भेटला आणि हसत हसत बेत सांगून गेला. बाई बोलायला उभ्या राहिल्या की सगळ्यांनी एकदम वरच्या शर्टाची बटणं सोडायची, मुलांनी आणि स्टाफनेही. तू पहिलं वाक्य म्हणशील आणि अख्खं सभागृह तुझा तो चेहरा लावून तुझ्याकडे बघेल. तुला हे आज कळायला हवं, तिथे नव्हे; म्हणून लिहिलं. जायचं की नाही, ते तू ठरव. नाही गेलीस तर मी एकटी जाईन आणि तुझ्याऐवजी माइकवर जे बोलायचं ते बोलेन. गेलीस तर पहिल्या रांगेत तुझ्या शेजारची खुर्ची माझी. त्यांनी बटणं सोडली तरी तू वाक्य अर्ध्यावर सोडायचं नाहीस. त्यांच्या छातीकडे बघू नकोस, माझ्या तोंडाकडे बघ आणि पुरं कर.

तुझीच,
भांडकुदळ मैत्रीण