खरवडलेला डाग

प्रिय अण्णा,

काल तुमचं दुसरं मासिक श्राद्ध झालं. भटजी जेवून गेले, वहिनी जरा आडव्या झाल्या आणि मी लिहायला बसलो. महिनाभर तोंड दाबून होतो. मला तुमचा राग आलाय. साधासुधा नाही, सणसणीत!

तेराव्यानंतर वहिनींनी भोपाळहून आणलेली तुमची ट्रंक उघडली. धोतरांखाली ती पितळी दुर्बीण आणि तुम्ही महिनाभर रोज काढलेली चंद्राची चित्रं. म्हटलं, थोरल्या भावाने काय पाहिलं ते एकदा आपणही पाहू. बीजेपासून रोज गच्चीत उभा राहिलो आणि जे दिसलं ते कागदावर उतरवत गेलो. कोर, अर्धा, पौर्णिमा; मग सकाळी दुकानाला निघण्याआधी पश्चिमेला उरलेला फिकट तुकडा.

अण्णा, चंद्र डोलतो हो! उजवीकडचा तो काळा गोल डाग बीजेला कडेला चिकटून होता, पौर्णिमेला चांगला आत सरकला. अगदी तुम्ही मला म्हणाला होता तस्सा.

मग तुमच्या चित्रांत तो सगळीकडे एकाच जागी का?

का, ते मला ठाऊक आहे. संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही गेला, कचेऱ्या भोपाळला निघाल्या. कोणाला न्यायचं, कोणाला घरी बसवायचं, याची चौकशी लागली. तुमच्या नकाशा कचेरीतल्या प्रत्येकाने हातचं काम दाखवायचं होतं. बाकीच्यांनी तहसिलींचे नकाशे नेले. तुम्ही चंद्र नेलात! पोटापाण्याच्या चौकशीला कोणी चंद्र नेतं का?

साहेबाने दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. "क्यों अण्णाजी, चाँद हिलता है या आपका हाथ?" सगळी कचेरी हसली म्हणे. "सोमवार तक ठीक करके लाइए."

तुम्ही चित्रं गुंडाळून परत आणलीत! चोवीस वर्षं नकाशे उतरवलेला माणूस, ज्याची रेघ केसभर हलली नाही, त्याने एवढंही म्हणू नये की साहेब, चंद्रच हलतो?

तुम्ही घरी आल्यावर मी तरी काय शहाणपणा केला? "अण्णा, मी दरबारी पगड्या सोडून पांढऱ्या टोप्या विकायला लागलो की नाही? टोपी बाजारात माझ्यावर कोणी हसलं? एका डागासाठी अडून बसू नका." तुम्ही म्हणालात, "यशवंता, टोपी आपण बदलतो. हे आपण नाही बदलत." मी हसण्यावारी नेलं.

रविवारी दुपारी भिंतीपलीकडून पात्याची खरखर आली. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. गिऱ्हाईक पायरीवर पुटपुटलेलं मला गल्ल्यावर ऐकू येतं. तुम्ही शाई खरवडत होता. मी ओळखलं, आणि, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं. उठून पलीकडे आलो नाही.

कचेरीची रीत, नक्कल मुळाशी जुळलीच पाहिजे. तुम्ही पहिल्या दिवसाचं चित्र मूळ धरलंत आणि बाकी सगळी त्याच्याशी जुळवलीत. अहो, मूळ तर आभाळात होतं ना! ते सोडून स्वतःच्याच कागदावर कसला विश्वास टाकलात?

नोकरी राहिली. भोपाळात तुम्ही दुर्बीण एकदाही बाहेर काढली नाही, असं वहिनी म्हणाल्या. नोकरी गेली असती तर माझं दुकान नव्हतं का? मागायला काय झालं होतं? आणि मी आपणहून का नाही म्हणालो? हा राग कोणावर काढू?

आता ऐका. माझी चित्रं वाकडी आहेत, शाई फासली आहे, पण डाग ज्या दिवशी जिथे दिसला तिथेच आहे. पुढच्या आठवड्यात ती घेऊन भोपाळला जातोय. त्याच साहेबाच्या टेबलावर मांडणार, सगळ्या कचेरीसमोर. माझा हात हलला म्हणाला तर सांगेन, "साहब, एक महीना छत पर खड़े रहिए, फिर बोलिए." हसू देत किती हसतात ते. मी एकही चित्र दुरुस्त करणार नाही.

तुमच्यावर आणि स्वतःवर चिडलेला,
धाकटा यशवंत