रापलेली काच

सोमवार, ३ मार्च

टाळ्या! शेवटच्या रांगेतले डॉक्टरही उभे राहिले. मी म्हणाले, तांब्याच्या तारांवर चालणारा संगणक भेकड. कर्करोगावर सोडलेले किरण आले की चुकतो, म्हणून त्याला भिंतीपलीकडे लपवावं लागतं. आमचा संगणक काचेतून धावणाऱ्या प्रकाशावर हिशेब करतो. तो उपचाराच्या खोलीतच बसेल. रोग्याने श्वास घेतला, गाठ हलली, की त्याच क्षणी यंत्राला सांगेल — सरक. शेजारचं निरोगी शरीर भाजणार नाही.

“किरणोत्साराचा यावर काडीचाही परिणाम होत नाही” — हे तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटून.

विभागप्रमुख डॉक्टरबाई तेवढ्या टाळ्या न वाजवता लिहीत होत्या. आधी मेणाच्या पुतळ्यावर चाचणी, मग रुग्णालयाच्या समितीची परवानगी, असं ठरलं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “टेबल बरं आहे ना?”

गुरुवार, १३ मार्च

चुकलं. पुतळ्यातली गाठ डावीकडे सरकली, आमचा संगणक म्हणतो जागेवरच आहे. सलग तीनदा! डॉक्टरबाईंचा फोन. आवाज अजिबात चढला नाही. “तुम्ही काडीचाही म्हणाला होतात,” एवढंच बोलल्या.

शुक्रवार, १४ मार्च

आमच्याकडे काच घासण्यात ज्यांची तीस वर्षं गेली त्या काचमामांनी संगणकाची पेटी उघडली. आतली चकती पांढऱ्या कागदावर ठेवली. फिकट तपकिरी.

“उन्हात राबलेल्या माणसासारखी रापलीय बघा. तुम्ही तर एवढं वाचता बाई, हे वाचलं नव्हतंत?”

वाचलं होतं. ढीगभर वाचलं होतं! पण आम्ही आमची काच सहा महिने किरणांखाली ठेवली आणि ती निर्मळ राहिली. मला वाटलं, आमची काच वेगळी.

शनिवार, १५ मार्च

सापडलं.

आमच्या प्रयोगशाळेत काचेत प्रकाश सोडणारा लेसर कधीच बंद करत नाहीत. केला तर पुन्हा स्थिरावायला अर्धा दिवस जातो. त्या बटणावर चिकटपट्टी आहे आणि वर काचमामांच्या अक्षरात: हात लावाल तर याद राखा. रुग्णालयातला तंत्रज्ञ मात्र शिस्तीचा. पुतळ्याची चाचणी संपली की आमची पेटी बंद. मग त्याच खोलीत दिवसभर खरे रोगी जुन्या पद्धतीने उपचार घेणार, आणि आमची पेटी कोपऱ्यात, अंधारात, उडालेले किरण झेलत बसणार.

काचमामांनी रापलेल्या चकतीतून चार तास प्रकाश सोडला. उजळली. पूर्ण नाही, बरीचशी. म्हणजे काच आमच्याकडेही रापत होती, फक्त तिच्यातून जाणारा प्रकाशच डाग पुसत होता. आम्ही रोज तिच्यावर उपचार करत होतो आणि मी तिला अभेद्य म्हणून मिरवत होते.

लाज वाटली. पण खरं सांगू? त्या उजळत्या काचेकडे बघताना आनंदही झाला. बिघाड प्रकाशाने होत नाही, प्रकाश तो भरून काढतो!

सोमवार, १७ मार्च

आमच्या संचालकांचं म्हणणं, समितीला एवढंच सांगा की यंत्र कायम चालू ठेवा. कारण कशाला हवं? मी विचारलं, वीज गेली तर? कुणी सवयीने बटण दाबलं तर? आत झोपलेल्या माणसाला आपण काय सांगणार? ते म्हणाले, भाषण समितीपुढे कर, मग आपण सगळेच घरी बसू.

बसू.

बुधवार, १९ मार्च

आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. चार मिनिटं. पहिलं वाक्य: मी या सभागृहात तीनदा खोटं बोलले, ते खरं आहे असं समजून. मग सगळं. रापणारी काच. दोन्ही टोकांना, जिथे प्रकाशाची वीज होते, तिथलं तांबं — ते तर मी गाळूनच टाकलं होतं. त्यावर शिशाचं आवरण चढवू. आणि एक जादा काचेचा धागा, ज्याचं काम फक्त आपण किती रापलो ते मोजणं. हद्द ओलांडली की किरण आपोआप बंद.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “रोगी आत असताना बंद झाले तर?”

“रोग्याला परत यावं लागेल. पण भाजणार नाही.”

“परत यायला हरकत नाही,” त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, “चार मिनिटं? ताप आहे का तुला?”

शुक्रवार, २८ मार्च

नव्या धाग्यासह पुतळ्याच्या दोनशे फेऱ्या. एकही चूक नाही. मुद्दाम रापवलेली काच घातली तर किरण लगेच थांबले. समितीने परवानगी दिली! एकमताने, पण डॉक्टरबाई मतदानाच्या वेळी बाहेर जाऊन बसल्या. कारण सांगितलं नाही. मला टोचलं ते. अजून रागावल्यात.

सोमवार, ७ एप्रिल

पहिल्या रोग्याचा अर्ज आला. स्त्री, वय अठ्ठावन्न, डावं फुफ्फुस. नाव डॉक्टरबाईंचं. स्वतःच्याच अक्षरात भरलंय.