नवा पंखा कपाटात

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज कुरिअरने आलं ते: कॉम्प्युटरच्या आत बसवायचा पंखा एक, रुपये साडेअकराशे. त्याच्याखाली लावायच्या मलमाची ट्यूब, करंगळीएवढी, एकशे ऐंशी. स्क्रू-ड्रायव्हरचा संच, दोनशे चाळीस (घरात एक असताना!). खोका जाड पुठ्ठ्याचा, ठेवला. फुगेवालं प्लास्टिक ठेवलं. दोरीही ठेवली.

सगळं धाकटीने मागवलेलं. ती घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. तिचा कॉम्प्युटर दुपारी तापतो आणि आपोआप बंद पडतो. ऑफिस दुसऱ्या गावी, रात्रभराच्या प्रवासावर. आता वीस तारखेला मोठे नकाशे पाठवायचेत. वेळेवर गेले तर नोकरी पक्की आणि काम घरूनच. नाही गेले तर तिथल्या मॅडम म्हणतात, घरच्या यंत्रावर आमचा भरवसा नाही, इथे येऊन राहा. मोठी मुलगी अशीच थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली होती. तिच्या खोलीत आता धान्याचे डबे आहेत.

तेव्हा हा कॉम्प्युटर नीट चालला पाहिजे. देवापुढे तसं सांगितलं.

धाकटी म्हणाली, रविवारी माणूस येऊन पंखा बसवेल, पाचशे घेईल, तोवर आई तू कृपा करून हात लावू नकोस.

पाचशे! चार स्क्रू आणि एका वायरचे! मला मॅट्रिकला विज्ञानात बासष्ट मार्क होते. ठरवलं. मीच बसवणार.

४ नोव्हेंबर, बुधवार

धाकटी चष्मा बदलायला गेली. हे पेपर घेऊन बाल्कनीत. देवाचं नाव घेऊन कॉम्प्युटर उघडला.

आत धूळ किती म्हणून सांगू! जुना पंखा काढला. दात घासायच्या जुन्या ब्रशने घासला, उन्हात ठेवला. पाती आरशासारखी झाली. मग विचार केला, हा इतका छान असताना नवा कशाला? नवा पंखा मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला, लग्नातल्या कपबशांच्या सेटशेजारी. तो सेटही अजून कोरा आहे. जपलं की टिकतं.

मलम लावलं, पण हात आखडता ठेवून. कपाळाला गंध लावते त्याच्या निम्मं, मोहरीएवढं. ट्यूब टाचणी लावून बंद केली. दहा वर्षं पुरेल.

वायरची पिन बसवायला आत दोन जागा दिसल्या. जिथून काढली ती चकचकीत. तिच्या शेजारी तशीच दुसरी, धुळकट. चांगली जागा वापरून खराब का करायची? चकचकीत जागेत कागदाचा बोळा घालून ती जपून ठेवली आणि पिन धुळकट जागेत बसवली, अर्थात पुसून. बसली. पंखा फिरला.

मग पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं आली: सीपीयू फॅन एरर. खाली: एफ वन दाबा.

दाबलं. चालू झाला! म्हणजे एरर वगैरे काही नाही, विचारून आत येतो इतकंच. या घरात तेवढी रीत यंत्रालाच आहे.

वरून माझं शिवलेलं गोधडीचं कव्हर घातलं. थंडीचे दिवस आहेत.

धाकटी आल्यावर सांगितलं, पंखा बसवला, पाचशे वाचले. ती आधी ओरडली, मग फिरणारा पंखा पाहून गळ्यात पडली. म्हणाली, आई, तू म्हणजे ना! कोणता पंखा ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी खोटं बोलत नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

तीच अक्षरं पुन्हा. पंखा डोळ्यांदेखत फिरतोय आणि हा म्हणतो एरर. खोटारडं यंत्र आहे.

धाकटीच्या जिवाला उगाच घोर नको. उपाय काढला. तशी मी पहाटे पूजेला उठतेच. दिवा लावायचा, कॉम्प्युटर लावायचा, एफ वन दाबायचं, मग जप. ती उठेपर्यंत यंत्र तयार.

जादा वीज जाईल. ती ह्यांच्या आंघोळीच्या गरम पाण्याच्या खात्यात धरली.

८ नोव्हेंबर, रविवार

धाकटीने तिच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं. माझ्या हातावर तिचा विश्वास. बरं वाटलं.

ह्यांनी पहाटे मला कॉम्प्युटरपुढे हात जोडून बसलेलं पाहिलं. म्हणाले, नवीन देव का? कुठल्या वाराचा उपास धरायचा ह्याचा? मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा. ह्यांना सगळ्यात मत असतं आणि कशात हात नसतो.

९ नोव्हेंबर, सोमवार. दुपार.

घात झाला. जेवून परत बसली तर कॉम्प्युटर तापून बंद. तिने स्वतः चालू केला आणि अक्षरं पाहिली.

मला विचारलं, हे आधीही येत होतं का? मी म्हटलं, मला इंग्रजी कुठे एवढं कळतं. (इंग्रजीत मला अठ्ठेचाळीस होते. हे तिला सांगण्याची वेळ नव्हती.)

ती म्हणाली, नवा पंखाच खराब निघाला वाटतं. लगेच दुकानदाराला फोन करून भांडली. चांगली भांडते, माझ्यावर गेलीय. तो बदली पंखा पाठवतो म्हणाला, आणि खराब आहे तो तुमच्याकडेच राहू द्या.

मी मध्ये बोलणार होते. पण दूध उतू जात होतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

बदली पंखा आला. फुकट! न मागता घरात वस्तू आली, ही वरच्याचीच कृपा. धाकटी म्हणाली, आई, आजच्या आज लाव. लावते म्हटलं आणि ती आंघोळीला गेल्यावर उघडून बघितला. अगदी पहिल्यासारखा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर असे शोभले की जोडी मोडवेना. कपाटात ठेवले. जुन्यालाच पुन्हा ब्रश मारला.

धाकटीला सांगितलं, झालं. अक्षरं येतातच. तिने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, आताशा सगळा माल असाच येतो बाई.

नकाशे निम्मे झालेत.

१५ नोव्हेंबर, रविवार

ह्यांनी मला न विचारता कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला आणलं. ह्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण हात न लावता आजार सांगतो. दारातूनच म्हणाला, मदरबोर्ड गेला. सहा हजार. उघडून बघू का?

उघडून म्हणताच मी दारात आडवी झाले. मी म्हटलं, गेलेला माणूस उघडून कशाला बघता? चहा देऊन वाटेला लावला. तपासणीचे दोनशे मागत होता. कशाचे, दारात उभं राहण्याचे? शंभर दिले. ह्यांच्या किरकोळ खर्चात मांडले.

हे म्हणाले, तू त्याला कॉम्प्युटरजवळ फिरकू का दिलं नाहीस? धाकटीही वळून बघायला लागली. मी पोथी उघडली. पोथी उघडली की घरात मला कोणी काही विचारत नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसातून तीनदा बंद. धाकटी नीट जेवत नाही. मी टेबल खिडकीपासून हलवून भिंतीला टेकवलं, वारा लागून त्याला बाधत असेल म्हणून. कव्हरला आतून आणखी एक अस्तर लावलं. रुमालाची हवा घालत शेजारी बसले.

धाकटी म्हणाली, आई, तू शेजारी बसू नकोस. मग म्हणाली, रागावून नाही म्हणत.

रात्री संकल्प केला: वीस तारीख नीट पार पडली तर नवा पंखा कपाटातून काढायचा. एक तरी.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

नकाशे पाच वाजेपर्यंत जायचे होते. तीनला कॉम्प्युटर बंद पडला. एफ वन. पुन्हा बंद. एफ वन. मग अक्षरं यायच्या आधीच बंद.

धाकटी उठली. कव्हर ओढून फेकलं आणि माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मी म्हटलं, अगं, जप होऊ दे, मग... तिने ऐकलं नाही. झाकण काढलं.

मग जुन्या पंख्याला बोट लावून म्हणाली, हा कोण?

मग कागदाचा बोळा काढला. तो उलगडला. माझा वाणसामानाचा कागद निघाला. बोळा होता त्या जागेशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सीपीयू फॅन. तिने मोठ्याने वाचलं, आणि पिन त्या जागेत खोचली. यंत्र त्याच एका जागेकडे बघत असतं म्हणे. तिथे काही दिसलं नाही की पंखाच नाही असं समजतं. म्हणजे माझं खरं ठरलं. पंखा फिरत होता, यंत्राचंच चुकत होतं.

नवे कुठेत, एवढंच विचारलं. दोन्ही आणून दिले. फडक्यासकट. मलमाची ट्यूबही. टाचणी काढायला वेळ गेला.

हे दारात उभे होते. म्हणाले, कपबशाही आण आता, चहा घेऊ त्यातून. कोणी हसलं नाही.

नवा पंखा बसला. मलम तिने सढळ हाताने लावलं, बघवेना. कॉम्प्युटर लागला. अक्षरं नाहीत, एफ वन नाही. असा गार चालला की आहे की नाही कळू नये.

नकाशे पावणेसातला गेले.

२१ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसचा फोन. नकाशे उत्तम. नोकरी पक्की. पगार वाढून. फक्त एक तारखेपासून तिथे येऊन राहायचं.

म्हणजे एका परीने माझ्यामुळेच पगार वाढला म्हणायचा. ह्यांना तसं म्हटलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केला.

धाकटीला म्हटलं, मी मॅडमशी बोलते, चूक पंख्याची होती म्हणून सांगते. ती म्हणाली, आई, पंख्याची?

मी भाजी चिरायला घेतली.

२९ नोव्हेंबर, रविवार

धाकटी गेली. बॅग एकच. कॉम्प्युटर ठेवून गेली, तिथे मिळणार आहे. कपबशांचा सेट देत होते, म्हणाली, नको, तो राहू दे कोरा. जाताना वाकून नमस्कार केला, मग त्याच वाकण्यात माझ्या पदराला डोळे पुसले. पदर धुतलेला नाही अजून.

५ डिसेंबर, शनिवार

पहाटे सवयीने कॉम्प्युटर लावला. काही विचारत नाही, सरळ उघडतो. दाबण्यासारखं काही नाही. बंद केला. जपात लक्ष लागलं नाही.

फोन केला. मीटिंगमध्ये होती.

११ डिसेंबर, शुक्रवार

आज कॉम्प्युटर आतून पुसत होते. पुसताना पिन जरा इकडची तिकडे झाली असावी. चकचकीत जागेतून निघून शेजारच्या जागेत गेली. आपसूक.

अक्षरं आली! सीपीयू फॅन एरर.

लगेच फोन केला. ती म्हणाली, एफ वन दाब, आई. आणि ठेवला.

फोनचं काही खरं नाही. पत्र लिहिलं. त्याची नक्कल इथे ठेवते:

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, हे मजेत. मोठीच्या खोलीतले डबे तुझ्या खोलीत हलवणार होते, पण हलवले नाहीत. बदली पंखा अजून कोरा आहे. जोडीतला एक गेल्यापासून एकटाच आहे, म्हणून फडक्यातून काढून वर ठेवला. तुझा कॉम्प्युटर पुन्हा तीच एरर दाखवतो आहे. मी मनाने काहीही करणार नाही, झाकणालाही हात लावणार नाही. एफ वन दाब एवढंच सांगू नकोस, दाबून भागत नाही. ह्याला तुझाच हात लागतो. एक दिवस येऊन पाहून जा. येण्याचं भाडं मी देईन, ह्यांच्या खात्यात न मांडता. चहा नव्या कपातून घेऊ. कोणत्या तारखेला येतेस ते उलट टपाली कळव.