आप्पांच्या बोटीवरचा गंज

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या भावाचा वाकून (गुडघे देतील तितकाच) नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचं पथ्य चालू असेल, निदान तू समोर असताना तरी. इकडे सगळं क्षेम आहे, आणि या वेळी हे मी नुसतं रीत म्हणून लिहीत नाही. आप्पा बोलले. फोनच करणार होतो, पण फोनवर तू रडायला लागतेस, मग मी लागतो, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून पत्र. बसून वाच.

आप्पा न्हाणीघरात घसरले तेव्हा तू वृद्धाश्रमाचा विषय पहिल्यांदा काढलास. मी दिवसभर लोकांना गाडी शिकवत बाहेर, ही शाळेत शिकवायला, घरात बघायला माणूस नाही. म्हटलं, विचारून ठेवायला काय हरकत आहे. पुढच्याच आठवड्यात आप्पांनी बोलणं टाकलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, जेवण चिमणीएवढं. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, मनाने घेतलंय. तेव्हा आपण खोली राखूनच टाकली, तू महिनाअखेरीस येशील तेव्हा दोघांनी मिळून पोचवायचं ठरलं. ठरलं खरं, पण त्यांचे सदरे घडी करून पेटीत ठेवायचो आणि पुन्हा बाहेर काढायचो. म्हटलं, तू येण्याआधी एक शेवटचा प्रयत्न करून बघू. आता आप्पा बोलतील तर कशावर बोलतील? त्यांच्या लढाईतल्या बोटीवर, आणखी कशावर.

आपल्या घरातली तीन माणसं नौदलात होती आणि त्यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं, हे तू सासरी सांगितलं नसशील अशी आशा आहे. आजोबा भटारखान्यात, काका कोठारात. लढवय्ये काय ते आप्पा, गस्तीच्या बोटीवर, पुढच्या तोफेवर. हे आपल्याला नेमकं कोणी सांगितलं, देव जाणे. आप्पांनी स्वतः कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि आपण तो त्यांचा विनय समजायचो. त्या तोफेने तू वक्तृत्व स्पर्धेत शत्रूची तीन विमानं पाडून पहिला नंबर आणलास. (दोन वर्षांनी मी पाच पाडली, तर मला उत्तेजनार्थ. परीक्षक तेच होते.)

तर गावात एक दुकान सापडलं, जिथे जहाजांच्या आणि विमानांच्या छोट्या प्रतिकृती जुळवायचे संच मिळतात. आप्पांच्या बोटीच्याच जातीची बोट निघाली. खोक्यावर लाटा कापत जाणारी अशी झोकदार बोट, की बघून माझीच छाती फुगली. घरी येऊन उघडलं तर आत नखाएवढे तुकडे आणि नकाशासारखा एक कागद. माझी बोटं तुला माहीत आहेत. गिअर टाकायला ठीक. पहिल्याच दिवशी चिमटा टेबलक्लॉथला चिकटला आणि टेबलक्लॉथ मला. ही कात्री घेऊन आली आणि आधी काय कापू म्हणून विचारलं (चेहरा अगदी गंभीर). कठड्याला हिच्या शिवणाचा दोरा ओढला. तोफ मी उलटी बसवली, म्हणजे पहिला गोळा आपल्याच कप्तानाच्या टाळक्यात. ती उपटून पुन्हा बसवताना तिची नळी जराशी खाली मान घालून बसली ती बसलीच. घरात बोटीला ‘तुमचं गलबत’ म्हणायला सुरुवात झाली होती आणि ते कौतुकाने नव्हतं.

अखेर बोट उभी राहिली, रंगही झाला, आणि मी ती मोठ्या ऐटीत दुकानदाराला दाखवायला नेली. तो म्हणाला, हे खेळणं झालं, बोट नव्हे. या छंदवाल्यांची एक रीत आहे, आक्का: महिनोन् महिने खपून वस्तू सुंदर करायची आणि शेवटी ती खराब करायची. समुद्राचं पाणी खाल्लेली दिसली पाहिजे म्हणे. त्याने मला स्पंजच्या तुकड्याने तपकिरी रंग टिपायला आणि वर विटेची पूड चोळायला शिकवलं. खोटं कशाला सांगू, या एकाच कामात मला गती निघाली. बिघडवण्याबद्दल माझी पाठ आयुष्यात पहिल्यांदाच थोपटली गेली. मग काय, मी नांगर गंजवला, दोन्ही बाजू गंजवल्या, तोफ गंजवली. दुकानदाराने दोन गिऱ्हाइकांना बोलावून दाखवली.

रविवारी सकाळी बोट आप्पांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली आणि ‘आप्पा, बघा तरी’ म्हणालो. त्यांनी कूस बदलली. चष्मा मागितला, खुणेनेच. बोट उचलली, डोळ्यांजवळ नेली, बाजूवरून नख फिरवलं. आणि इतक्या दिवसांनी आप्पांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: ‘कुठल्या गाढवाने ही बोट अशी ठेवलीय?’

आक्का, मला जन्मात इतक्या गोड शिव्या मिळाल्या नाहीत. आप्पा उठून बसले. पॉलिश पेपर मागवला, जुनं ब्लेड मागवलं, आणि खरवडता खरवडता सगळं बाहेर आलं. ते तोफेवर नव्हतेच. त्यांचं काम बोटीचा गंज खरवडून रंग देणं. पुढच्या टोकापासून सुरू करायचं, मागच्या टोकाला पोचेपर्यंत पुढचं टोक पुन्हा गंजलेलं. अख्खी लढाई हेच. तोफ म्हणे एकदाच उडाली, तीही सरावाला. त्या वेळी आप्पा दोराला लोंबकळत बाजू रंगवत होते, दणक्याने रंगाचा डबा समुद्रात गेला, आणि बोलणी मात्र आप्पांना बसली. त्यांची बोट ताफ्यात सगळ्यांत स्वच्छ होती, आणि तिचं मी हे करून ठेवलं म्हणून ते दुपारपर्यंत मला फैलावर घेत होते. मी बोटीचं मागचं टोक धरून बसलो होतो आणि डोळ्यांना धार लागली होती. त्यांना वाटलं रंगाचा वास. बोलता बोलता ताट संपवून त्यांनी पुन्हा वाढायला सांगितलं, तेव्हा ही स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आता काही विचारू नकोस. बोट झाली, गॅलरीचा कठडा झाला, फाटक झालं. काल माझी शिकवायची गाडी धरली. शिकायला आलेली बाई तासभर उभी आणि आप्पा दाराचा पत्रा घासतायत. ती शेवटी त्यांना पाणी ओतायला लागली. छातीवरचा धोंडा उतरला बघ. खोली सोडून देऊ. आप्पांना त्यातलं काही कळलं नाही, हे नशीबच. तूही आल्यावर अवाक्षर काढू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना फोन मात्र तू कर. मी केला होता, पण माणूस इतका सभ्य आहे की नको सांगायच्या ऐवजी मी खिडकीजवळची खोली मागून बसलो.

आणखी ता. क. तुझं वक्तृत्वाचं बक्षीस परत करायची गरज नाही असं माझं मत आहे. भाच्यांना विमानांचं तूच काय ते सांग.

पोरी, पाकीट चिकटवायला याने माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. वृद्धाश्रमाचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. हा फोनवर कुजबुजतो ते फाटकापर्यंत ऐकू जातं. म्हटलं, दोघांनी मनात घेतलंच आहे तर बोलून काय करायचं. मग याने ही बोट आणून ठेवली. इतकी वाईट बोट मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. ज्याला घरातून घालवायचं त्याच्यासाठी कोणी एवढी बोटं चिकटवून घेत नाही, असं वाटलं, म्हणून बोललो. व्यवस्थापकांना मीच फोन केला आहे, तू करू नकोस. तू मात्र ये, पुष्कळ दिवस झाले. आणि मला ठाऊक आहे हे याला कळू देऊ नकोस. आत्ता शेजारच्या खोलीत घोरतोय. किती दिवसांनी निवांत झोपलाय.

– आप्पा