टाकी माझ्याकडे

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण पंधरा दिवस इथे वासाने जीव नकोसा झालाय. आम्ही राहतो त्या घरगाडीच्या पोटाखाली संडासाची टाकी आहे ना, ती कितीही रिकामी केली तरी काटा आपला भरलेलीच दाखवतो. शेजारच्या गाडीतल्या बाई हल्ली आम्हाला पाहिलं की खिडकी लावून घेतात. काल ह्या गाड्यांच्या तळाचा मॅनेजर येऊन सांगून गेला, पंधरवड्यात वास गेला नाही तर जागा सोडा.

ह्यांचं म्हणणं, हवाच तशी आहे. हवा कसली डोंबलाची! पण बोलायची सोय नाही. बसची नोकरी संपल्यावर ही गाडी घेतली, तेव्हाच ह्यांनी जाहीर केलं होतं की स्वयंपाकघर तुझं, टाकी माझ्याकडे. ज्या दिवशी मला ती जमणार नाही, त्या दिवशी गाडी विकायची आणि धाकट्याकडे राहायला जायचं, हेही त्यांचंच. सात वर्षांत मला हात लावू दिला नाही. गाडी गेली तर हा माणूस खचेल रे. तू नळकामातला, म्हणून तुला विचारते. ह्यांना कळू देऊ नकोस.

पोरांना पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई

८ मार्च

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

एवढा वास सहन केलास आणि पत्र आत्ता लिहितेस? धन्य आहेस.

गाडीखाली टाक्या उघडायच्या-बंद करायच्या दोन दांड्या असतात, एक संडासाच्या टाकीची आणि एक सांडपाण्याच्या टाकीची. संडासाची दांडी सतत उघडी राहिली की पाणी निघून जातं आणि बाकीचं तळाशी बसून वाळतं. तेच झालंय. टाकी भरत येईपर्यंत ती बंदच हवी. सोडताना आधी संडासाची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने गटाराकडे जाणारा पाईप धुऊन निघतो.

आता दांडी बंद कर आणि वरून बादल्यांवर बादल्या ओत. आईने एका तांब्यात भागवायला शिकवलं, ते इथे कृपा करून विसर. दोन दिवस भिजू दे. काहीतरी निमित्त काढून भावोजींना गाडी आवारात फिरवायला लाव, आतलं हिंदकळेल. मग सोड. नाही सुटलं तर पुन्हा.

एक मात्र डोक्यात शिरत नाही. हे सगळं मला भावोजींनीच शिकवलं होतं, तुमच्याकडे राहायला आलो होतो तेव्हा. चुकलो की पुन्हा म्हणायला लावायचे. मग दांडी उघडी राहिली कशी?

मागची खोली रिकामी आहे. तुझी भावजय रोज विचारते. राग मानू नकोस, आशीर्वाद असू दे.

तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वास गेला. मॅनेजर नाक वर करून दोनदा हुंगून गेला, आता जागा सोडा म्हणत नाही.

दोन्ही दांड्या उघड्याच होत्या. त्यांच्यावरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ह्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवलेली होती. आधी डावी, असं लिहून खोडलेलं. खाली आधी उजवी, तेही खोडलेलं. त्याखाली नुसतं, दोन्ही उघड्या ठेव. मी तिथेच चिखलात बसकण मारली. कधीपासून हा माणूस एकटा ह्या विसरण्याशी झगडत होता, आणि मी आत बसून वासावरून टोमणे मारत होते.

दोनदा नुसतं गढूळ पाणी आलं. तिसऱ्यांदा पाईप असा धडधडला की मी आईगं म्हणून ओरडले. ते फिरायला गेले होते म्हणून बरं.

आता ठरवलंय. शनिवारी सकाळी ते फिरायला गेले की टाकी मीच सोडेन, धुवेन, झाकण लावेन. आल्यावर ते आपले पाईप जोडतील, दांडी ओढतील, थोडा वेळ उभे राहतील आणि हात धुऊन म्हणतील, झालं. मी म्हणेन, बरं झालं, आणि मागून दांड्या बंद करेन. कंबरेचे तुकडे पडतील, पण त्यांची गाडी त्यांच्याकडे राहील. तू तोंडाला कुलूप लाव. मागच्या खोलीचा विषय पुन्हा काढू नकोस.

दमलेय रे फार. आठवण काढत जा.

तुझी ताई

१६ एप्रिल

प्रिय मेहुणेबुवांस स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या ताईला न सांगता टाकतोय. अक्षर सांभाळून घ्या.

टाकीतून काही गेलं की पाईप हातात उडी मारतो. चार शनिवार झाले, तो गप्प पडून आहे. म्हणजे माझ्या आधी कोणीतरी काम उरकतं. ते कोण, हे कळण्याइतका मी अजून शाबूत आहे. तिचे हात सालपटं निघाल्यासारखे झालेत. खाली वाकली की वर येताना दाराला धरते. आणि मी रिकाम्या टाकीची दांडी ओढून झालं म्हणतो! लाज वाटते हो.

अट मीच घातली होती, त्यामुळे ती बोलणार नाही, आणि माझ्याच्याने तिच्यासमोर तोंड उघडवत नाही. तेव्हा तुम्ही लिहा. तुमच्या नळांच्या दुकानावर बसायला माणूस हवा, तुमची पाठ धरलीय, काय वाटेल ते लिहा. पण पत्र माझ्या नावाने घाला आणि आमच्याकडे राहायला या म्हणून दटावून लिहा. मी लगेच हो म्हणेन.

आता महत्त्वाचं. तुमचं पत्र येईपर्यंत हे सगळं माझ्या लक्षात राहील, याची खात्री नाही. कदाचित मी चिडेन, गाडी सोडणार नाही म्हणून हटून बसेन. तसं झालं तर माझ्याशी वाद घालू नका. हेच पत्र मला परत पाठवा. माझं अक्षर मी अजून ओळखतो.

लोभ आहेच, यापुढे जरा जास्त लागेल.

तुमचा भावोजी