पवनचक्कीच्या आत काय असतं

६ जानेवारी, सोमवार

आज वर्गात मॉक इंटरव्ह्यू. जाधव सर साहेब होऊन खुर्चीवर, समोर आम्ही एकेक. माझा नंबर आला. "स्वतःबद्दल सांगा." मी सांगितलं: सुजाता, गाव येडशी, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, शेवटचं वर्ष. मग थांबले. तेवढंच होतं.

सर म्हणाले, "एवढं तर आधार कार्डावर पण असतंय. ह्याच्यात तू कुठंयस?"

पोरं हसली. मला राग नाही आला. खरंच विचारात पडले. लोक स्वतःबद्दल काय सांगत असतील?

७ जाने.

होस्टेलवर मनीला विचारलं. मनी म्हणजे मनीषा, माझी रूम पार्टनर, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या वस्तीवरची, घरी मेंढरं. म्हणाली, "मी मनीषा. मला उगं बसवत न्हाय." बरोबर आहे. ती चहा पण उभ्यानंच पिती.

आईला फोन. आई अंगणवाडीत मदतनीस. "तुला कुणी म्हणलं स्वतःबद्दल सांगा, तर काय सांगशील?" "मला कोण विचारतंय?" मग स्वतःच: "सांग की, पोरं माझ्यापाशी रडत न्हायत."

एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

आता माझं. कागदावर एकच वाक्य उतरलं: मला वस्तू उघडून बघायची सवय आहे. (घरचा मिक्सर, शेजारच्या काकूंचा कुलर. कुलर अजून आवाज करतो.)

१० जाने., शुक्र.

बोर्डावर नोटीस. पवनचक्कीची कंपनी कॉलेजात येणार. पद: साईट टेक्निशियन, ट्रेनी. साईट आपल्याच जिल्ह्यात, वाशीच्या माळावर. खाली एक ओळ: उंचीवर काम करण्याची तयारी असावी.

सर मला नि मनीला म्हणाले, "तुम्ही पण बसा. साईटवर मुली घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही, पण सराव होईल."

सरांच्या मनात काही वाईट नाही. तरी पंगतीत बसवून वाढायचं नाही, तसं वाटलं.

शाळेत असल्यापासून येरमाळ्याच्या पुढं गेलं की लांबून ते पंखे दिसतात. आमच्याकडं सगळे पंखेच म्हणतात. माणूस वर कसा जातो, बाहेरनं का आतनं, हा प्रश्न कधी पडलाच नाही. आता दुसरं काही सुचंना.

१२ जाने., रवि. येडशी

पप्पांना सांगितलं. पप्पा गावातल्या शाळेत शिपाई. त्यांनी पेपरची घडी घातली.

"सरकारी वीज कंपनीच्या परीक्षेचा फॉर्म भरला का?"

"भरला."

"मग हे कशाला?"

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

"पंख्याच्या आत काय असतंय ते."

मला वाटलं आता उंचीचं काढतील, लोक काय म्हणतील ते काढतील. त्यांनी वेगळंच विचारलं. "माळावर दिवसभर राह्यचं. तिथं बायामाणसाला जायची सोय हाय का?"

नोटिशीत तसलं काही नव्हतं. न्हाय म्हणाले नाहीत पप्पा. व्हय पण नाही.

१९ जाने., रवि.

मनीच्या वस्तीवर. येरमाळ्याला गाडी बदलली, वाशीत उतरलो, तिथून मनीचे वडील तात्या मोटारसायकलवर घेऊन गेले. आधी हुरडा. त्याशिवाय उठूच देईनात.

पंखा जवळून लई मोठा. आवाज धुणं आपटल्यासारखा, पण सावकाश. पात्याची सावली मेंढरांवरनं जाती, परत येती, मेंढरं मान सुद्धा वर करत नाहीत.

मी तात्यांना म्हणाले, "भेत नाहीत?"

"आधी बिचकायची. आता बंद पडला की बिचकत्यात."

बुडाशी लोखंडी दार उघडं होतं. निळ्या कपड्यातला एक माणूस बाहेर डबा खात बसलेला, कंपनीचा टेक्निशियन. आत येऊ देता येत नाही म्हणाला, पण दारातून बघा. बघितलं. आतून पोकळ. सरळ वर गेलेली शिडी, शिडीच्या मधोमध एक तार, बाजूला घूं करणारं कपाट, तेलाचा वास. शिडी वर वर जाऊन अंधारात शिरलेली. मान खाली करावी वाटेना.

मग मी विचारतच सुटले. पाणी वर नेता का? अवजारं कशी नेता? वारा सुटला की पात्यांमागचा तो वरचा डबा हलतो का?

"हलतो की. बोटीगत. मी बोटीत बसलो न्हाय कधी, पण तसंच असंल."

बायकांच्या सोयीचं मात्र त्याला विचारायला जमलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

येताना मनी म्हणाली, "त्या बिचाऱ्याचं जेवण निवलं तुझ्यापायी."

२६ जाने. येडशी

झेंडावंदनाला घरी. मी दोन दिवस एकच घोकत होते की आपल्याला उंचीची भीती वाटते का, हेच माहीत नाही. आपल्या घराच्या छतावरनं काय कळणार. तर पप्पा स्वतःच म्हणाले, "चल." गावच्या पाण्याच्या टाकीवर औषध टाकायला माणूस जातो, त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. मला न सांगता.

चढताना काही नाही. मजाच. वरून शाळेचं मैदान, सकाळचा रांगोळीचा चुना, रेल्वेचे रूळ. उतरायला पाय खाली टाकला आणि तिथंच अडकले. पायरी दिसत होती, पाय जाईना. औषधवाले मामा खालून म्हणत होते, "पायरीकडं बघ, गावाकडं बघू नको."

खाली पप्पा माझ्या चपला हातात धरून उभे.

"झालं समाधान?"

"उतरताना भ्याले."

"मग?"

"मग काय. कळलं, उतरताना भेते."

पप्पांनी चपला खाली ठेवल्या. हसले बहुतेक. मान वळवली होती.

३ फेब्रु., सोम.

इंटरव्ह्यू झाला. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

टेबलामागं दोघं. पुण्याच्या एक मॅडम, भरतीचं बघणाऱ्या. आणि साईटचे इंजिनिअर, केस पिकलेले, हातावर जुना भाजल्याचा डाग. मनी माझ्याआधी. बाहेर येऊन म्हणाली, "मला विचारलं, लग्न झाल्यावर काय करणार. मी म्हणलं, लग्न झाल्यावर बी पंखे फिरतेलच की." मनीला वाटत होतं चांगलं गेलं. मला पण.

मला तेच, स्वतःबद्दल सांगा. ते वस्तू उघडून बघायचं वाक्य सांगितलं. वर म्हणाले, उघडलेल्या निम्म्या वस्तू परत जोडता येतात.

इंजिनिअर: "आणि उरलेल्या निम्म्या?"

"त्यांच्यावरनं आई बोलती, सर."

मॅडम हसल्या. मग खरे प्रश्न. पंखा फिरतोय पण वीज येत नाही, पहिलं काय बघाल? मी म्हणाले, पहिलं माझा मीटर नीट आहे का ते बघीन. त्याच्या पुढचं अर्धं बरोबर, अर्धं चुकलं. चुकलं ते त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र मी मागून घेतलं.

"उंचीची भीती?"

"चढताना नाही. उतरताना वाटते."

"कशावरून?"

टाकीचं सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहिलं. काय ते वाकून बघायचा मोह आवरला.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?" हे जाधव सरांनी शिकवलं होतं. ह्या वेळी प्रशिक्षणाबद्दल विचारायचं. मी तोंड उघडलं नि म्हणाले, "साईटवर बायकांसाठी बाथरूम आहे का?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पंख्याचा, म्हणजे छताच्या पंख्याचा, आवाज यायला लागला.

इंजिनिअर म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "कधी लागलंच नाही." मग मॅडमकडं न बघता, "म्हणजे, कुणी विचारलं नाही."

४ फेब्रु.

पोरांमध्ये बातमी गेलीच. "असलं विचारतेत का कुठं? गेली तुझी नोकरी." दिवसभर मला पण तसंच वाटत होतं. संध्याकाळी जाधव सरांकडं गेले, चुकलं का म्हणून. सर बराच वेळ डस्टर झटकत राहिले. म्हणाले, "चुकलं का ते मला सांगता येत नाही. मला तो प्रश्न सुचला नसता, एवढं खरं."

१४ फेब्रु., शुक्र.

यादी लागली. वर्गातली दोन पोरं, आणि मी. माझ्या नावापुढं: चढाई चाचणीनंतर निर्णय. पोरांच्या पुढं पण तेच.

मनीचं नाव नाही.

तिनं यादी नीट वाचली. "चांगलं झालं," म्हणाली आणि बाटली भरायला गेली. लई वेळ आलीच नाही. आली तर बाटली रिकामीच. कॉटवर बसली. मनी बसली.

"माझ्या दारातला पंखा," म्हणाली, "आन् चढणार तू."

मी तिची बाटली भरून आणली. जे बोलावं ते खोटं वाटलं असतं.

१८ फेब्रु.

मनी बोलते, पण कामापुरतं. बकेट कुठंय, दार लाव.

दुपारी मॅडमचा फोन. आवाज गोड. साईटवरच्या सोयीचं आम्ही बघतोय, वेळ लागेल. पुण्याच्या ऑफिसात एक जागा आहे, कॉम्प्युटरवर पंख्यांचे आकडे बघायचे, मुलींसाठी चांगलं आहे. पगार तेवढाच.

मी विचारलं, "चढाई रद्द झाली का?"

"नाही. तुमच्या इच्छेवर आहे. विचार करून कळवा."

वाईट नाही ती जागा, तेच तर अवघड आहे. आई तर लगेच हो म्हणेल. पण इथल्या पंख्याचा आकडा पुण्यात बसून बघायचा. आकडा शून्य झाला की फोन करायचा, नि इथं दुसरंच कुणीतरी शिडी चढणार. त्याला वर काय दिसलं ते मला कसं कळणार?

१९ फेब्रु.

मनीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, केस विंचरता विंचरता.

"पुण्याला खुर्चीवर बसायचं व्हतं तर माझा नंबर लागला असता की," म्हणाली. "मी काय वाईट बसले असते?"

"तुला बसवत नाही."

"ते मी ठरवीन." मग फणी ठेवली. "सुजे, चढ. चढून ये आन् मला सांग. न्हायतर मला बोलू नकोस."

मॅडमना कळवलं, चढाईला येते म्हणून. ३ मार्च, सोमवार ठरला. पुढचं पुढं.

२३ फेब्रु., रवि. येडशी

पप्पांना फोनवर सांगायला नको वाटलं, म्हणून आले. पुण्याचं पण सांगितलं, लपवलं नाही. आई म्हणाली पुणं बरं. पप्पा म्हणाले, "तू ते सोयीचं विचारलंस?"

"विचारलं."

"समोर? साहेबाला?"

"हो."

पप्पांनी मान हलवली, बराच वेळ. मग म्हणाले, "त्या सोमवारची रजा टाकतो. येतो मी."

३ मार्च, सोम.

चढले.

सकाळी माळावर. पप्पा, तात्या नि मनी बाभळीखाली. मनी मेंढरांचं निमित्त करून आली होती, मेंढरं भलतीकडंच. डॉक्टरनं नाडी, बी.पी. बघितलं. अंगावर पट्ट्यांचं जाळं चढवलं, त्याला हार्नेस म्हणतात. सगळ्यात लहान होतं ते पण मला मोठं. इंजिनिअर सरांनी पट्टे ओढून ओढून शेवटच्या भोकात आणले. बूट पुरुषांचे, आत डबल मोजे. पंखा बंद केलेला. मेंढरं बिचकली का ते बघायचं राहिलं.

एक पोरगा माझ्याआधी अर्ध्यातून परत आला, पांढराफटक. त्याला कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "पाणी पी. परत ये कधी."

आत शिडी. हार्नेस तारेला अडकवायचा, चढायचं, मधला उभं राहायचा फलाट आला की थांबायचं. खांदे भरून आले. आतमध्ये आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा तरी असल्यागत ऐकू येतो. शेवटचं झाकण उघडलं नि वरचा डबा. गाडीच्या इंजिनात उभं राहिल्यासारखं, सगळं ग्रीसचं. प्रत्येक वस्तूला हे काय, हे काय. सरांनी सगळं सांगितलं, कंटाळले नाहीत. मग छताचं झाकण वर केलं, डोकं बाहेर काढलं.

डबा खरंच हलतो. थोडासा.

उतरताना मधल्या फलाटावर शिडी धरून थांबले. सर खालच्या पायऱ्यांवर होते. "घाई नाही," एवढंच म्हणाले. पायरीकडं बघितलं. उतरले.

खाली आल्यावर मी विचारलं, सोयीचं काय झालं. "पुण्याच्या ऑफिसला लिहून पाठवलंय," म्हणाले. "उत्तर नाही आलं." आज मी साईटच्या राखणदाराच्या घरी गेले होते, त्याच्या बायकोला विचारून.

निकाल? "कळवू."

मनीला वर काय होतं ते सांगायला लागले. तिनं मधेच थांबवलं. "समदं नको. थोडं राहू दे. मी अर्ज करणार हाय परत." मग मेंढरं शोधायला गेली.

४ मार्च

कालचं एक राहिलं.

परत येताना एस.टी.त पप्पा तिकिटाची घडी घालत, उलगडत बसले. मला वाटलं भ्यालेत, नाहीतर पुण्याचा विचार चाललाय. येरमाळा जवळ आलं तसं म्हणाले, "वरून येडशी दिसती का?"

"न्हाय. मधी डोंगर येतो."

"मग काय दिसतं?"

सांगितलं. ज्वारी काढलेली रानं, मधेच करडईचा पिवळा तुकडा, तळं, रस्ता दोऱ्यासारखा. तुम्ही बाभळीखाली होता ते पण दिसलं, कोण कुठलं ते नाही कळलं.

पप्पांनी खिडकीतून मागं वळून बघितलं. पंखे अजून दिसत होते.

"रातीचे बी फिरतेत?"

"वारा असला की."

"आन् वारा नसला की? तवा तुमी लोकं काय करता?"

तुमी लोकं म्हणाले. मी अजून त्या लोकांतली नाही, हे सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही. मी आपलं सांगत बसले, वारा पडला की काय काय करायचं असतं. जेवढं कालपर्यंत कळलंय तेवढं.